पेशीपटलातील क्षेत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी घरांमधली पुष्कळ मुले विज्ञान गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात आणि घरी आईवडिलांशी, आजीआजोबांशी मराठीत बोलतात. अकरावी-बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या अशा विद्यार्थ्यांकडून, तसेच कुतूहलाने विचारणाऱ्या पालकांकडून, पेशीपटलाविषयी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पटलावरच्या कोणत्याही क्षेत्राविषयी बोलायचे झाले, तर ते किती मोठे आहे, किती काळ टिकते आणि त्याची हद्द कोण सांभाळते, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ते न विचारल्यामुळे या विषयात विद्यार्थ्यांचाच नव्हे, तर संशोधकांचाही बराच गोंधळ झालेला आहे.

पेशीपटलात वेगवेगळी क्षेत्रे असतात म्हणजे नेमके काय?

पेशीपटल हे मुख्यतः लिपिड (मेदवर्गीय) रेणूंच्या दोन थरांचे आणि त्यांत रुतलेल्या किंवा त्यांना चिकटलेल्या प्रथिनांचे बनलेले असते. लिपिडांच्या या दुहेरी थराची जाडी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर असते. हे सारे घटक पटलभर सारख्या प्रमाणात पसरलेले नसतात. एखाद्या भागात काही विशिष्ट लिपिडे आणि प्रथिने आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त प्रमाणात एकत्र आढळतात आणि त्यामुळे तो भाग काही वेगळे काम करू शकतो. अशा भागाला पटलाचे क्षेत्र म्हणतात. कोलेस्टेरॉलयुक्त लहानसा पुंजका हे जसे क्षेत्र आहे, तसाच आतड्याच्या पेशीचा संपूर्ण वरचा पृष्ठभाग हेही क्षेत्रच आहे.

मग पुस्तकातले द्रव-मोझेइक प्रतिमान चुकीचे मानायचे का?

नाही. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे वेगळी काढून पाण्यावर एकपदरी पसरली. त्यांनी व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरली आणि त्यावरून दुहेरी थराची कल्पना पुढे आली. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी यांचा विषाणूच्या साहाय्याने संयोग घडवून आणला आणि दोघींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना दोन वेगळ्या रंगांची प्रतिपिंडे जोडली. ३७ अंश सेल्सियस तापमानाला सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत पूर्णपणे मिसळले. तापमान बरेच खाली आणल्यावर ते मिसळेनासे झाले. पटलातील प्रथिने सरकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा तोवर कोणी दिलेला नव्हता. प्रवाही लिपिड थरात प्रथिने मोझेइकच्या तुकड्यांसारखी बसलेली असतात, असे सांगणारे सिंगर आणि निकोल्सन यांचे १९७२ मधील हे प्रतिमान अशा पुराव्यांवर उभे आहे आणि त्यातली मूळ गोष्ट, म्हणजे पटलाची प्रवाहिता, आजही खरी आहे.

अडचण चित्रामुळे होते. पुस्तकातल्या आकृतीत प्रथिने विरळ आणि कशीही विखुरलेली दिसतात, त्यामुळे प्रवाही म्हणजे सगळीकडे सारखे असा समज होतो. प्रत्यक्षात पटल प्रथिनांनी दाटीवाटीने भरलेले असते आणि प्रवाही असूनही त्याची व्यवस्था टिकून असते. ती कशी टिकते, हाच या सगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

सर्वांत स्पष्ट, निर्विवाद उदाहरण कोणते?

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी. हे उदाहरण नीट समजले की अर्धा विषय समजतो, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

या पेशीचा वरचा पृष्ठभाग आतड्याच्या पोकळीकडे असतो, तर बाजूचा आणि खालचा पृष्ठभाग रक्तवाहिन्यांकडे. वरच्या पृष्ठभागावर एसजीएलटी-१ नावाचे वाहक प्रथिन असते, जे ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. खालच्या पृष्ठभागावर ग्लुकोजला बाहेर सोडणारे जीएलयूटी-२ हे वेगळे वाहक असते आणि तेथेच सोडियम-पोटॅशियम पंपही असतो, जो एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. पंप खाली असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम कमी राहते, त्यामुळे वरून सोडियम आत येते आणि येताना ग्लुकोजला बरोबर आणते. ही प्रथिने दोन्ही पृष्ठभागांवर सरमिसळ पसरली असती, तर साखर पोकळीकडून रक्ताकडे अशी एकाच दिशेने जाऊच शकली नसती.

दोन्ही क्षेत्रांची हद्द राखण्यात शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट शिवणाऱ्या टाइट जंक्शनचा वाटा मोठा असतो. पेशीच्या वरच्या कडेजवळ त्यांचा सलग पट्टा असतो. फारकर आणि पॅलेड यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे वर्णन केले. पुढे ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही त्यांतली प्रमुख प्रथिने जपानमधील त्सुकिता यांच्या गटाने १९९०च्या दशकात शोधली. हा पट्टा पटलातील प्रथिनांना आणि बाहेरच्या थरातील लिपिडांना एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर सरकू देत नाही. मात्र एवढ्यावर भागत नाही. नवीन तयार झालेली प्रथिने गॉल्जी संकुलातून (पेशीतील प्रथिनांची वर्गवारी करणाऱ्या भागातून) निघतानाच वर जाणारी आणि खाली जाणारी अशी वेगळी काढली जातात आणि आपापल्या ठिकाणी पोहोचवली जातात.

जुलाबावर दिले जाणारे ओआरएस याच रचनेवर चालते. कॉलऱ्याचे विष पेशीच्या आतील संदेशयंत्रणा बिघडवून वरच्या पृष्ठभागावरील क्लोराइडची वाहिनी उघडी ठेवते. क्लोराइडमागोमाग सोडियम आणि पाणी आतड्यात ओतले जाते. परंतु एसजीएलटी-१ शाबूत राहते. म्हणून मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र दिले की दोन्ही आत शोषली जातात आणि पाणी त्यांच्या मागे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रति लिटर असण्याचे कारण हेच. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत याच उपायाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. घरात कोणाला जुलाब होत असताना नुसते पाणी न देता ओआरएस का द्यायचे, याचे उत्तर पेशीपटलाच्या या दोन क्षेत्रांत आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

पटलाचे दोन थर एकसारखे असतात का?

नसतात. बाहेरच्या थरात स्फिंगोमायलिन आणि फॉस्फॅटिडिलकोलिन ही लिपिडे अधिक असतात, तर फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड जवळजवळ पूर्णपणे आतल्या थरात राखले जाते. लिपिड रेणू आपल्याच थरात शेजाऱ्यांशी सेकंदाला लक्षावधी वेळा जागा बदलतो, पण एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून क्वचितच उलटतो. जे उलटतात त्यांना फ्लिपेज नावाची प्रथिने एटीपी खर्चून परत आणतात. पेशी मरू लागली किंवा रक्तातील प्लेटलेट जखमेपाशी कार्यान्वित झाली, की स्क्रॅम्ब्लेज प्रथिने हा भेद मोडतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. मरणाऱ्या पेशीच्या बाबतीत ती भक्षकपेशींसाठी खूण ठरते, तर प्लेटलेटवर त्यामुळे रक्त गोठण्याच्या क्रियेला आधार मिळतो.

लिपिडे आपसांत वेगळी कशामुळे होतात?

त्यांच्या आकारामुळे. स्फिंगोलिपिडांच्या शेपट्या बहुतेक संपृक्त, सरळ आणि लांब असतात. अनेक फॉस्फोलिपिडांच्या शेपट्यांत दुहेरी बंध असल्यामुळे त्यांना बाक येतो आणि त्या एकमेकींना घट्ट लागून बसू शकत नाहीत. कोलेस्टेरॉलचा रेणू चपटा आणि ताठर असतो. तो सरळ शेपट्यांच्या शेजारी चांगला बसतो आणि त्यांना आणखी नीट उभे करतो. अशा तिन्ही घटकांपासून प्रयोगशाळेत कृत्रिम पटलाचे मोठे फुगे केले, तर योग्य तापमानाला त्यांत दोन प्रावस्था वेगळ्या झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. एकीत रेणू शिस्तीत उभे असूनही सरकू शकतात, तर दुसरीत ते विस्कळीत असतात. पहिलीला द्रव-सुव्यवस्थित आणि दुसरीला द्रव-अव्यवस्थित प्रावस्था म्हणतात. प्राण्यांच्या पेशीपटलात एकूण लिपिड रेणूंपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक कोलेस्टेरॉल असते, त्यामुळे ही भौतिकी तेथेही लागू पडावी, असा विचार साहजिकच पुढे आला.

लिपिड राफ्ट खरोखर असतात का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काइ सायमन्स आणि खेरिट व्हान मेअर यांनी १९८८ मध्ये असे सुचवले, की अस्तरपेशींत लिपिडांचे पुंजके बनतात आणि त्यांच्यामुळे विशिष्ट माल वरच्या पृष्ठभागाकडे रवाना होतो. १९९२ मध्ये ब्राउन आणि रोझ यांना असे आढळले, की पेशी ४ अंश सेल्सियसला ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये विरघळवल्या, तर पटलाचा काही भाग विरघळत नाही आणि त्यात कोलेस्टेरॉल, स्फिंगोलिपिडे व जीपीआय या लिपिडाच्या नांगराने बांधलेली प्रथिने भरपूर असतात. १९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन यांनी या कल्पनेला व्यापक रूप दिले आणि त्यानंतर अशा पुंजक्यांसाठी राफ्ट, म्हणजे तराफा, हा शब्द सर्वत्र पसरला.

येथेच घसरण झाली. अनेक प्रयोगांत न विरघळलेला भाग म्हणजे राफ्ट, असे गृहीत धरले गेले. परंतु थंडीत लिपिडे तशीही घट्ट होतात आणि डिटर्जंट स्वतःच रेणूंची फेरमांडणी करू शकते. त्यामुळे नळीत तरंगून वर आलेला तुकडा जिवंत पेशीत ३७ अंशाला तसाच होता, असे म्हणता येत नाही. कोलेस्टेरॉल काढून घेणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनचेही तसेच आहे. ते वापरले की केवळ राफ्टवरच नव्हे, तर पेशीच्या इतर अनेक व्यवहारांवर परिणाम होतो. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर असल्याने प्रत्यक्ष पाहून वाद मिटवणेही शक्य नव्हते.

२००६ मध्ये संशोधकांच्या एका परिषदेत व्याख्या ठरवण्यात आली. तिच्यानुसार राफ्ट म्हणजे १० ते २०० नॅनोमीटर आकाराची, परस्परांहून भिन्न, सतत बदलणारी, स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या वर्गातील रेणू) व स्फिंगोलिपिडांनी समृद्ध अशी क्षेत्रे, जी पेशीतील प्रक्रियांना वेगवेगळ्या जागी विभागतात. लहान क्षेत्रे प्रथिनांच्या व लिपिडांच्या परस्परक्रियांमुळे एकत्र येऊन मोठी होऊ शकतात. २००९ मध्ये स्टेड या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत पेशींवर केलेल्या मोजमापांत असे दिसले, की स्फिंगोलिपिडांचे रेणू २० नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत सुमारे १० ते २० मिलिसेकंद अडकून राहतात आणि मग पुढे जातात. म्हणजे पटलावर तरंगणारी मोठी, स्थिर बेटे ही कल्पना सोडून द्यावी लागते. लहान आणि क्षणिक पुंजक्यांची कल्पना मात्र चांगलीच टिकून आहे. माझ्या मते विद्यार्थ्यांनी पुंजक्याचे माप आणि त्याचा काळ सांगितल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

रेणू इतक्या लवकर निघून जात असतील, तर त्याला क्षेत्र कसे म्हणायचे?

नवरात्रात बडोद्याच्या मोठ्या मैदानांवरचा गरबा पाहिलेल्यांना हे अवघड वाटू नये. वर्तुळात कोणी शिरते, कोणी दमून बाहेर पडते, तासाभराने त्यातली बहुतेक माणसे वेगळी असतात, पण वर्तुळ तेच असते. पटलावरच्या अनेक पुंजक्यांचेही असेच आहे. तेथे रचना टिकते, रेणू बदलतात.

या विषयात भारतीय संशोधकांचे काम आहे का?

आहे, आणि ते पायाभूत आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील सत्यजित मेयर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये जिवंत पेशींवर प्रतिदीप्तीचे ध्रुवीकरण मोजून दाखवले, की जीपीआयने बांधलेली प्रथिने पटलावर एकेकटी विखुरलेली नसून ७० नॅनोमीटरपेक्षा लहान क्षेत्रांत जवळजवळ असतात. डिटर्जंट न वापरता आणि पेशी न मारता मिळालेला हा पुरावा होता, हे त्याचे महत्त्व. २००४ मधील कामात चित्र आणखी बारीक झाले. या प्रथिनांपैकी साधारण २० ते ४० टक्के जेमतेम दोन-चार रेणूंच्या पुंजक्यांत असतात आणि उरलेली सुटी असतात.

त्याहून विचार करायला लावणारा भाग पुढे आला. हे प्रमाण पटलावरील प्रथिनांची संख्या कमी-जास्त केली तरी फारसे बदलत नव्हते. केवळ लिपिडांच्या आवडीनिवडीमुळे पुंजके बनत असते, तर तसे झाले नसते. मेयर, सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ मदन राव आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले, की पटलाच्या आतल्या बाजूस असलेले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे छोटे धागे आणि त्यांना ओढणारे मायोसिन हे प्रथिन ऊर्जा खर्चून हे पुंजके घडवतात व मोडतात. बाहेरच्या थरातले प्रथिन आतल्या अ‍ॅक्टिनला कसे जाणवते, या प्रश्नाचे उत्तर २०१५ मध्ये मिळाले. बाहेरच्या थरातील लांब संपृक्त शेपट्या आणि आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीनच्या शेपट्या पटलाच्या मध्यभागी एकमेकींना भिडतात आणि त्यात कोलेस्टेरॉलचे साहाय्य होते. म्हणजे हद्द सांभाळणारा येथे एकटा लिपिड नाही आणि एकटे प्रथिनही नाही. पेशी त्यासाठी सतत ऊर्जा मोजते.

अ‍ॅक्टिनचे कुंपण म्हणजे काय?

जपानचे अकिहिरो कुसुमी यांनी सेकंदाला ४० हजार चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने एकेका लिपिड रेणूचा मार्ग नोंदवला. उंदराच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत तो रेणू सुमारे २३० नॅनोमीटरच्या कप्प्यात सरासरी ११ मिलिसेकंद मोकळा फिरतो, मग शेजारच्या कप्प्यात उडी मारतो, असे २००२ मध्ये दिसले. पटलाला आतून लागून असलेली अ‍ॅक्टिनची जाळी आणि तिला बांधलेली, खुंटांसारखी उभी प्रथिने ही या कप्प्यांची हद्द. पेशीपटलातले विसरण कृत्रिम पटलापेक्षा कितीतरी मंद का असते, हे कोडे यामुळे बरेचसे सुटले. कमी वेगाच्या कॅमेऱ्याने पाहिले तर उड्या दिसत नाहीत, केवळ मंद हालचाल दिसते.

कॅव्हिओली हे राफ्टच का?

नाही, जरी दोन्हींत कोलेस्टेरॉल भरपूर असले तरी. कॅव्हिओली हे पटलात आत गेलेले, बारीक तोंडाचे, सुमारे ५० ते १०० नॅनोमीटरचे खोलगट भाग आहेत. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात १९५०च्या दशकातच दिसले होते. कॅव्हिओलिन आणि कॅव्हिन ही प्रथिने त्यांना आकार देतात. मेदपेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते विपुल असतात आणि पटल ताणले गेले की सपाट होऊन ताण सोसतात.

क्षेत्र म्हणजे नेहमी कोलेस्टेरॉलच, असे आहे का?

मुळीच नाही. मिठागरांच्या अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाच्या पटलावर जांभळे पट्टे असतात. त्यांत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे एकच प्रथिन स्फटिकासारखे ओळीने बसलेले असते आणि पट्ट्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तेच असते. मिठागरांतील पाण्याला येणारी लालसर छटा बऱ्याच अंशी अशाच सूक्ष्मजीवांमुळे असते. चेतापेशीच्या अ‍ॅक्सॉनमध्ये (लांब तंतूमध्ये) तर पटलाखाली अ‍ॅक्टिनची कडी सुमारे १९० नॅनोमीटरच्या अंतराने रचलेली असतात, हे २०१३ मध्ये दिसून आले.

रोगांशी याचा संबंध काय?

कॉलऱ्याच्या विषाचे पाच समान भाग जीएम-१ या स्फिंगोलिपिडाच्या पाच रेणूंना एकाच वेळी पकडतात आणि त्यामुळे विष पटलावर घट्ट बसते. इन्फ्लुएन्झा आणि एचआयव्हीचे विषाणू पेशीतून बाहेर पडताना कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडांनी समृद्ध असे आवरण बरोबर घेतात. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशीत जीपीआयचा नांगर बनवणारे जनुक बिघडले, तर तांबड्या पेशींना संरक्षण देणारी दोन प्रथिने पटलावर टिकत नाहीत आणि शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेतील पूरक प्रथिने त्या पेशी फोडतात. हा दुर्मीळ आजार आहे, पण नांगरासारख्या छोट्या भागावर किती अवलंबून असते, हे त्यातून कळते.

तूप किंवा तेल खाल्ल्याने ही क्षेत्रे बदलतात का?

आहारातील मेदाम्लांचा पटलातील लिपिडांवर काही प्रमाणात परिणाम होतो. परंतु पेशी शेपट्यांची लांबी, दुहेरी बंध आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण सतत जुळवून घेत असते. त्यामुळे अमुक पदार्थ खाऊन राफ्ट सुधारतात असा दावा कोणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली यातले काही पाहता येईल का?

नॅनोमीटरचे पुंजके पाहता येणार नाहीत. पण पटल सगळीकडे सारखे वागत नाही, एवढे नक्की दिसते. खंडेराव मार्केटात मिळणारा गडद लाल कांदा घ्या आणि त्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूची पातळ साल काचपट्टीवर पाण्यात पसरा. मग १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचे थेंब एका कडेने सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद धरा. काही मिनिटांत रंगीत भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून सुटू लागतो. तो सर्व बाजूंनी एकदम सुटत नाही. काही ठिकाणी पटल भित्तिकेला धरून राहते आणि मधल्या जागी आत वळते, त्यामुळे कडा अंतर्गोल दिसतात. उत्तम प्रतीच्या सूक्ष्मदर्शकात भित्तिका आणि आक्रसलेले पटल यांच्यामध्ये ताणलेले अतिशय बारीक धागेही आढळतात. त्यांना हेख्टचे धागे म्हणतात आणि १९१२ पासून त्यांची नोंद आहे. आता त्याच रीतीने मिठाऐवजी साधे पाणी सोडा. पेशी जिवंत असतील तर त्या पुन्हा भरतात. ज्या भरत नाहीत, त्यांच्या पटलाला इजा झालेली असते, म्हणून मिठाचे द्रावण फार वेळ ठेवू नये.